ठिपके

बेथिया लेस्क गेली, हे मला कळलं
विक बंदरावरच्या मासळीवाल्याकडून.
पेपरात आलं पाचव्या दिवशी, चार ओळींत,
आडनावातलं एक अक्षर चुकवून.
चार ओळी तिला पटल्या असत्या.
अक्षर नाही.

तिची आई याच धक्क्यावर हेरिंग साफ करायची,
बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या गुंडाळून.
सुरी आत, एक झटका, आतडी बादलीत,
मिनिटाला पन्नास.
“मीही तेच करते,” बेथिया म्हणायची,
“फक्त माझे मासे भांडायला येतात.”

सतराव्या वर्षी ती एडिंबराला टायपिस्ट झाली,
चौथ्या मजल्यावर, जिथं साहेबांचा चहा
टायपिंगमध्येच धरला जायचा.
अकरा वर्षांनी टेबल मिळालं.
खिडकी मिळाली ती म्हातारे इंग्लिससाहेब वारल्यावर,
आणि खिडकीत समोरच्या इमारतीची काळी भिंत.
“बरंय,” म्हणाली. “नजर ओळीवरून हलायला नको.”

माझी कादंबरी गेली चारशे बारा पानांची,
परत आली दोनशे नव्वद.
समासात निळी पेन्सिल:
*ही बोट तीनदा बुडते. एकदाच बुडवा, पण नीट.*
*मरताना आजोबा इतकं बोलतात?
माझ्यांनी फक्त मोजे मागितले होते.*
आठवडाभर मी तिला शिव्या घातल्या,
माझ्या बेटाच्या गेलिकमध्ये,
इंग्रजीतल्या पुरेशा लांब नव्हत्या म्हणून.

मग लंडनच्या भागीदारांनी प्रुफं धाडली.
आईच्या तोंडचे सदतीस गेलिक शब्द
लाल शाईनं आडवे केलेले. कुणाला कळणार हे?

बेथियालाही एक कळत नव्हता.
रात्री तिचा फोन आला. “म्हण.”
मी एकेक म्हणत गेलो.
पलीकडे नुसता श्वास, आणि मधूनच
“हा पुन्हा.”
खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले
की तो परत जिवंत होतो, छापखान्याचा नियम आहे.
तिनं सदतीस शब्दांखाली ठिपके दिले,
पेन्सिल इतकी दाबून
की पानामागून हाताला लागतात.
अजून लागतात.
पुस्तकात तिचं नाव कुठेच नाही.
आभारात मी घातलं होतं.
तिनं उडवलं. *फापटपसारा.*

आज कात्रण टेबलावर ठेवलं.
आधी आडनाव दुरुस्त केलं.
मग शेवटची ओळ वाचली:
‘त्यांच्यामागे कोणी नाही.’

खोडली.
ठिपके दिले नाहीत.