एकास पन्नास हजार

सव्वीस वर्षं ही दरी मी धुळ्यात बसून काढली,
नकाशा शाखेत, उत्तरेच्या खिडकीपाशी,
तपकिरी शाईनं, बारीक निबानं.
पाटण्याच्या मागे उंचीच्या रेघा इतक्या दाटायच्या
की शाई शाईला चिकटायची
आणि साहेब म्हणायचे, बागूलबाई, हात हलका ठेवा.

आज पोटऱ्यांना कळतंय
दोन रेघांमधल्या केसभर फटीत
काय काय असतं.

चैत्राची सकाळ, नऊ वाजलेत,
दगड मात्र दुपारचा झालाय.
नाल्याच्या कोरड्या पात्रातून वर,
गोटे असे की एक पाऊल सरळ पडत नाही.
पुढे भिवसन, डिंक वेचणारा,
खांद्यावर कुऱ्हाड, पायात टायरच्या चपला.
मागं न बघता त्याला कळतं मी कुठं थांबले.
'बठ मावशी, आठे सावली शे.'
सावली कहांडोळाची. पांढरं उघडं खोड,
पान एक नाही,
फांदीची तेवढी सावली, हाताएवढी.
त्या हाताखाली मी बसते.

मग दरी आवळत जाते.
दोन्हीकडे काळवथर, मध्ये खोकलं तरी दोनदा ऐकू येतं,
आभाळ उरतं परकराच्या नाडीएवढं.
कड्याला धरून पाऊलभर वाट.
'खाले देखू नको.'
मी बघितलंच.

नकाशात या साऱ्याला एकच नाव: राखीव वन.
भिवसनकडं वळणागणिक नाव आहे.
म्हातारीचा दात. अस्वलाची वसरी.
शेळीपड, कारण तिथं एकदा शेळी पडली,
त्याच्या आत्याची, गाभण.
यातलं एकही नाव
माझ्या निबाखालून गेलं नाही.

आणि मग कड्याच्या पोटात बोटभर ओल.
कपारीत कुणी पळसाचं पान खोचलंय,
त्याच्या टोकावरून धार, दोऱ्याएवढी.
'पानी शे आठे. बारमास.'

मला ही जागा ठाऊक होती.
चौऱ्याण्णव साली, पक्क्या प्रतीत,
एक निळा ठिपका नेमका
'राखीव वन'मधल्या एका व-खाली आला.
दोघांना जागा नव्हती.
अक्षर मोठं होतं, झिरा लहान.
मी ब्लेडनं खरवडून काढला,
कागदाला खरं तर ओरखडाही दिसत नव्हता,
त्याचंच त्या दिवशी कौतुक झालं.

भिवसनला सांगून टाकलं. ओंजळ तशीच धरून.
तो थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिला.
'मंग बरं झायं,' म्हणाला,
नाहीतर इथं केव्हाच मोटर बसली असती.
पुढं त्याच आवाजात हेही म्हणाला
की एका वणव्यात विझवायला आलेली पोरं
पाणी हुडकत पलीकडच्या दरीत उतरली,
कागद बघत.
त्यातल्या एकाचा पाय अजून फरपटतो.
मी पाणी प्यायले. गार होतं.

शेवटचा टप्पा चार पायांवर.
वर आलो तर आधी वारा, मग खानदेश.
पऱ्हाट्या उपटलेली उघडी रानं,
गिरणेची वाळू,
चाळीसगावकडं सरकणारी मालगाडी,
जणू कुणी शिवण उसवतंय,
आणि जिथं सातपुडा असायला हवा तिथं नुसती धूळ.
खूप वेळ शोधली, सवयीनं.
कुठंही एक रेघ नाही.

कळण्याची भाकरी, ठेचा, गार भरीत.
खाऊन झाल्यावर भिवसननं डिंकाचा खडा दिला.
उन्हाकडं धरला तर आत एक मुंगी,
ठिपक्याएवढी, पुरती शाबूत.
नखानं निघाली असती.
राहू दिली.

उतरायला अजून तीन तास.
डावा गुडघा आत्तापासूनच बोलायला लागलाय.