इंगळे

त्याचं नाव इंगुस वेवेर्स.
लाटव्हियाचा. बर्फाच्या नळीतून
पाठीवर निजून, पाय पुढे करून
ताशी एकशे तीसने खाली येतो.
सातपूरच्या आमच्या शिफ्टला हे नाव जड गेलं,
म्हणून गांगुर्डेनं त्याचं इंगळे केलं.
तेव्हापासून तो आमचा.

निमित्त काय, तर कॅन्टीनच्या टीव्हीचा रिमोट हरवला
आणि चॅनल त्याच खेळावर अडकून पडलं.
पोहे गार झाले, कोणी उठलं नाही.
तो चौथा आला.
तिसऱ्याच्या मागे दोन हजारांश सेकंद.

हजारांश म्हणजे काय
ते कॉलेज रोडवर विचारू नका.
आम्हाला विचारा.
मी अठरा वर्षं बेरिंगच्या रिंगा मोजतोय;
दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाली की लाल डब्यात.
दिसायला तशीच असते रिंग, चकचकीत,
बोट फिरवलं तर काही म्हणजे काही लागत नाही.
त्या रात्री आम्ही सगळे
त्याच्या बाजूचे झालो.

आईनं मोबाइलवर बघितलं न् तोंड फिरवलं.
"पाय पुढे करून माणूस एकदाच निघतो घरातून,
त्यालाही विसाव्याला फिरवून घेतात.
याला फिरवणारं कोणी नाही का?"
मग तिसऱ्या दिवशी, मेथी निवडताना, मान वर न करता:
"आला का तो इंगळ्या खाली? धड?"

निसारनं सलूनच्या आरशाला त्याचा फोटो लावला.
सगळं हेल्मेटच, तोंड कुठंच नाही.
गिऱ्हाईक विचारतं, कोण हो हे?
इंगळे.
कुठले, येवल्याचे?
निसार फक्त फवारा मारतो.

त्याच आठवड्यात निफाडला पारा चारवर उतरला,
द्राक्षाच्या पानांवर दव गोठलं,
बागांतून रात्रभर शेकोट्या.
बर्फाशी आमची ओळख ती तेवढीच.

त्याच्या गावात त्याला कोण विचारतं, ठाऊक नाही.
पाववाला ओळखत असेल. शाळेतले मास्तर.
सातपूर नावाचं काही आहे
हे त्याला कळायचं कारणच नाही.
आणि खरं सांगू, कळू नये असंही वाटतं.
उतारावर असताना
कोणी हाक मारू नये.

गांगुर्डेच्या ईश्वरीनं
लाल डब्यातली चार बेरिंगं फळीला ठोकली,
बापाचं हेल्मेट घातलं, नवव्या वर्षाच्या डोक्याला ढगळ,
आणि टाकीच्या उतारावर आडवी झाली.
खडखडाट. एक कुत्रं बाजूला झालं.
भाजीवालीनं टोपली उचलली.
खाली रिक्षा स्टँडपाशी फळी थांबली
तरी ती उठेना. आभाळाकडे बघत पडलेली.
मी धावत गेलो.
काचेआडून म्हणाली, "काका, टाइम?"

घड्याळ हातात होतं.
बघितलंच नव्हतं.
अठरा वर्षांत पहिल्यांदा
मी अंदाजे बोललो.