उलटं पाणी

पारा पंचेचाळीसच्या वर, आणि मी
सुमोचा हीटर दुरुस्त करायला आणला.
टपरीवरचे सगळे हसले.
"काऊन गा प्रल्हाद, थंडी वाजून राह्यली का?"
एकानं खांद्यावरचा दुपट्टा काढून
माझ्या अंगावर घातला.

इबादुल्ला हसला नाही.
काटा लाल झाला की काचा खाली करून
हीटर पूर्ण सोडायचा,
इंजिनाचा ताप आपल्या गुडघ्यांवर घ्यायचा,
ही जुन्या ड्रायव्हरांची विद्या.
परवा अकोटच्या रस्त्यावर मी तेच केलं.
मागं नवरीचा मामा, सात बाया, आंदणाचं कपाट.
मामा ओरडला, "मारतं का आमाले?"
पण मारण्याइतकीही गरम हवा आली नाही.
पुढं बाभळीखाली रेडिएटरनं झाकण उडवलं.

बॉनेटमागच्या पत्र्यातून दोन नळ्या आत जातात.
एकीतून ताप जातो, दुसरीतून परततो.
इबादुल्लानं क्लिपा ढिल्या केल्या,
चिकटलेलं रबर पिळून पिळून सोडवलं
आणि पाण्याचा पाइप लावला उलट्या बाजूनं.
"जिकडून घाण आली तिकडूनच जाईन.
हयू सोड. जोर केला तं अंदरची जाळी फुटते,
मंग तुह्या पायावर नदी."

आधी काहीच नाही.
पाइप माझ्या मुठीत फुगत गेला.
मग एक थेंब.
मग कोऱ्या चहासारखं,
मग विटकरी,
मग नखाएवढी पांढरी कपची
घमेल्यात टक्क वाजली.

चाटून बघायची गरज नव्हती.
खारपाण.
बावीस वर्षं जे मिळालं ते ओतलं हिच्यात:
दर्यापूरच्या हापशीचं,
पुलाखालून बादलीनं काढलेलं पूर्णेचं,
मांडवामागच्या ड्रमातलं, वर झेंडूच्या पाकळ्या,
आणि एकदा मध्यरात्री, गाव आठवत नाही,
एका म्हातारीच्या रांजणातलं.
"गाडीले बी तहान लागते का रे," म्हणाली,
आणि दुसरा तांब्या न मागता आणला.
तेही असेल यातच कुठंतरी. या कपचीत.

लिंबूसत्व घालून अर्धा तास थांबलो.
इबादुल्ला सांगत होता, भावाचा मुतखडा
अकोल्याला काढला, डॉक्टरनं डबीत दिला.
"टीव्हीवर ठेवला त्यानं. पाहुन्याले दाखवते."
कपची उन्हात धरून बघितली त्यानं.
"सेम टू सेम."

चार वाजता पाणी निवळ आलं.
घमेल्याच्या तळाची कंपनीची मोहर वाचता आली.
"आता बोअरचं टाकशीन तं पुन्हा हेच.
कॅनचं आन."

घरी एकच कॅन होता, सकाळीच भरलेला.
वेणू उंबऱ्यात उभी राहिली.
"इंजिनाले कॅनचं,
अन् पोरीले बोअरचं?"
मी कॅन खांद्यावर घेतला.
याच्यावर बोलण्यासारखं काही असतं
तर मी ते बावीस वर्षांत शोधलं असतं.

चार लिटर गेलं, हिरव्या कूलंटसोबत.
इंजिन तापू दिलं. खटका ओढला.
डॅशबोर्डच्या जाळीतून आधी धूळ आली,
एक वाळलेला मुंगळा आला,
आणि मग भाजणारी हवा.
दुपट्टावाला पहिला धावला.
एकेक जण हात जाळीसमोर धरायचा,
चटका लागला की मागं घ्यायचा,
आणि हसायचा.
पंचेचाळीस डिग्रीत
सात माणसं गरम वाऱ्यासाठी रांगेत.

रात्री उरलेला कॅन मी गुपचूप ओट्यावर ठेवला.
वेणूनं ग्लास भरला, एक घोट घेतला,
तोंडात फिरवला.
"याले तं चवच नाई," म्हणाली.
मग पोरीला झोपेतून उठवलं
आणि तो ग्लास तिच्या हातात दिला.