एरुलप्पन एरुलप्पन

तक्रार क्रमांक दोनशे बारा. व्हर्जन ३.२.
नोंदवणारा स्टोअरकीपर, सोहार बंदर, गोदाम सहा.
मजकूर एवढाच:
"पगाराच्या चिठ्ठीवर माझं नाव दोनदा येतं.
मी एकटाच आहे."

त्याला आडनाव नव्हतं.
आणि आडनावाशिवाय माणूस
आमच्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या पानावर जात नसे.
मग कारकुनानं रिकाम्या चौकटीत
तोच माणूस पुन्हा भरला.

मीटिंगमध्ये तासभर खल:
हा बग, की सुधारणा?
बग म्हटला तर चूक आपली,
सुधारणा म्हटली तर हौस त्याची.
टाईप मीच केलं. सुधारणा. प्राधान्य: कमी.

३.३ मध्ये रमजानचे कमी तास बसवायचे होते.
३.४ मध्ये ओव्हरटाइमचा घोळ.
४.० मध्ये निळ्या स्क्रीन हिरव्या झाल्या
आणि डायरेक्टरसाहेबांनी सगळ्यांना बकलावा वाटला.
दर वेळी मी दोनशे बारा उचलून
पुढच्या व्हर्जनच्या खणात ठेवत गेले.
वर्ष वर्ष थेंब पडत नाही या गावात,
तरी माझ्या यादीत
हे घोंगडं भिजतच.

४.१ च्या सुमारास त्यानं पुन्हा लिहिलं:
"बँकवाला विचारतो, दुसरा एरुलप्पन कुठाय?
मी म्हटलं, तिरुनेलवेलीला, आईजवळ.
तो हसला, मॅडम.
पैसे मात्र अडकले."
मी उत्तर दिलं: आपली सूचना विचाराधीन आहे.

५.० मध्ये बदरनं एक अट पुसली.
एकच ओळ.
करक चहावर साय धरायच्या आत झालं.

गुरुवारी रात्री रिलीज,
म्हणजे काही मोडलंच तर निस्तरायला शुक्रवार.
काही मोडलं नाही.
आता नियम असा, की तक्रार मिटवण्याआधी
तक्रारदाराचा होकार हवा.
मेल परत आली.
फोन भलत्याच कुणाच्या खिशात वाजला.
गोदाम सहा म्हणालं, तो ना? मार्चमध्येच गेला,
करार संपला.

त्याचीच शेवटची चिठ्ठी काढून पाहिली.
एरुलप्पन.
एकदाच, नीट, डावीकडून.
शेजारी लहान अक्षरांत: निष्क्रिय.

बंद करण्याची कारणं पाच दिलेली असतात,
त्यांतलं चौथं निवडलं: तक्रारदार उपलब्ध नाही.
मग परत आत गेले
आणि "सुधारणा" पुसून "बग" केलं.
मिटलेल्या नोंदीत बदल करायचा? नक्की?
यंत्रानं दोनदा विचारलं.
हो. हो.

प्राधान्य मात्र कमीच राहिलं.
तो रकाना आता उघडत नाही.