चाचणी, पाम बीच रोड

पहाटे पाच दहा. करावे गावाच्या वळणावर
मी गाडीत, गाडीमागे ट्रेलर,
ट्रेलरच्या पाठीवर दोन सायकली,
आणि त्यांच्यामागे तिसऱ्या सायकलवर विद्याधर,
वरातीत मागे राहिलेल्या
एकट्या वऱ्हाड्यासारखा.

आरशात काहीच दिसत नाही.
ट्रेलरची पांढरी भिंत, तिच्यावर
आधीच्या मालकाने रंगवलेलं नारळाचं झाड.
जे सांभाळायचं ते नेमकं भिंतीपलीकडे.
म्हणून हा मागे.
म्हणून फोन कानात.

"काय दिसतंय?"
"निळी मान हलवतेय."
"किती?"
"जेवून आलोय म्हणणाऱ्या पाहुण्याइतकी."

कळंबोलीला स्टँड जोडताना
गुरमेज मिस्त्रीने तीनदा विचारलं होतं,
आत पुढच्या बाजूला काय ठेवणार?
मी म्हटलं, ठरलं नाही अजून.
त्याने वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली.
मग सायकली मागे लावू नका ताई.
मागे तीस किलो लटकवाल, पुढचं नाक हलकं होईल,
आणि हायवेला ट्रेलर तुम्हाला चालवेल.

मला उलव्याचं खाचर आठवलं.
(त्या खाचराचं आता नाव काढू नये.)
पेंढा भरलेली गाडी, खाली उभे वडील ओरडतायत,
उलार झाली गो, पुढं सरक!
मी नऊ वर्षांची. पुढं सरकणं हे माझं काम.
तेवढ्याने गाडी सरळ व्हायची.

तर पाण्याचे कॅन पुढे. गॅसची टाकी पुढे.
तांदूळ, तवा, विद्याधरची हत्यारांची पेटी,
जड ते सगळं चाकांच्या अलीकडे.
उलार हा शब्द मी गुरमेजला दिला.
त्याने तो भिंतीवर खडूने लिहून ठेवला,
मोबाइल नंबरांच्या रांगेत, जणू कुणा गिऱ्हाइकाचं नाव.

निळी इराची, हिरवी माझी.
दोघींच्या मध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या,
अंगाला अंग घासू नये म्हणून.
हँडलं आडवी, पॅडल काढलेली,
चाकं फ्रेमला बांधलेली, नाहीतर वाऱ्याने
उगाच फिरत बसतात, कुठेच न जाता.
मागचा दिवा झाकला जात होता, तो खाली घेतला.
नंबर प्लेटही.
जागा दोनच सायकलींची.
तिसरी कुणाची घरी राहणार, हे आम्ही बोललो नव्हतो.

नेरूळच्या अलीकडे थांबले. विद्याधर धापा टाकत आला,
निळीचा पट्टा ओढला, लोंबतं टोक आत खोचलं,
आणि सायकलीकडेच बघत म्हणाला,
माझी राहू दे घरी. मला मागून बघायचं काम बरं जमतंय.

मी म्हटलं, खऱ्या प्रवासात तू मागे नसशील.
शेजारी बसशील, शेंगदाणे खात,
आणि मागचं दोघांनाही दिसणार नाही.

तो हसला नाही. पट्टा पुन्हा ओढला.

मग गतिरोधक. मी हळू घेतला, तरी भांडी बोलली.
"निळी?"
"गप्प."
"हिरवी?"
"ती कधी बोलली होती?"
चाळीस. पन्नास.
फोनमध्ये त्याचा श्वास आधी जवळ, मग फाटका,
मग नुसता वारा.
"आता दिसत नाही गं मला."
"बरं," मी म्हटलं,
आणि पाय उचलला नाही.

सानपाडा मागे पडलं. नारळाचं झाड आरशात
जरासुद्धा डुललं नाही.
तळव्यांना घाम. स्टिअरिंगवर नऊ वर्षांची कुणीतरी
पुढं सरकून बसलेली.

वाशीला कडेला घेऊन उतरले.
पट्ट्यावर हात फिरवला, एकेक गाठ, हूक, साखळी, कुलूप.
सैल काही नव्हतं. नारळाच्या झाडाखाली टेकून
अकरा मिनिटं थांबले.

विद्याधर आला. घामाने निथळत, पाणीही न मागता
आधी निळीचा पट्टा तपासला,
मी आत्ताच तपासलेला.

मी सांगितलं नाही. त्याला तपासू दिलं.