पाठीलाही तेवढंच

आधी द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घेतला,
पिंपळगावचा, वर हिरवा घड छापलेला.
त्यावर थर्माकोलची टेकडी, टेकडीवर टिश्यू पेपर,
फेविकॉल पाण्यात कालवून वरून दोन हात.
सकाळी पाहतो तर चारही कोपरे वर,
तव्यावर टाकलेला पापड
बघता बघता कूस बदलतो तसे.
निशाण घेतलेला शिपाई, उंची बोटाच्या पेराएवढी,
घसरत घसरत खिंडीत जाऊन पडला
आणि विलास गांगुर्डे म्हणाला,
"हा माझ्या गोळीने मेलेला धरायचा का?"

हसू नका.
अंबडला दिवसभर मी सपाटपणाच मोजतो.
ग्रॅनाइटच्या प्लेटवर पार्ट ठेवायचा,
खालून फिलर गेजचं पातं सरकवायचं,
गेलं तर लाल खडू.
घरी माझ्याच टेकडीखालून
मुंगळा मान न वाकवता जातो.

मग हार्डबोर्ड.
गुळगुळीत बाजू वर की खरबरीत, यात दोन रविवार.
ऑगस्टात त्यानेही पोट काढलं.
एमडीएफ बरा वाटला, पण कडेकडेने पाणी प्यायला
आणि चहातल्या बिस्किटासारखा फुगला.
पीव्हीसी फोम हलका, पांढरा, शहाणा;
एप्रिलमध्ये गच्चीवर वाळत ठेवला
ही चूक माझी, त्याची नाही.
ॲक्रिलिक मरेपर्यंत सरळ राहतं,
फक्त कुणाला धरून ठेवत नाही:
अख्खी टेकडी निघून हातात आली,
खाली लख्ख काच, माझं तोंड दिसेल अशी.

खालच्या मजल्यावरची ईरा दारात येऊन विचारते,
"काका, यात अळीव कधी पेरणार?"

नाशिकरोडला कारभारी दोंदे राहतात.
प्रेसमध्ये तेहतीस वर्षं गेली.
काय छापलं ते बोलत नाहीत,
कागद कसा होता ते विचारा.
माझा हार्डबोर्ड त्यांनी डोळ्याशी धरला
बंदुकीसारखा, खिडकीच्या उजेडाकडे.
"पोटाला लेप दिलास, पाठ कोरडी ठेवलीस.
लेप वाळताना आवळतो रे.
एकाच बाजूने ओढलं तर कुणीही वाकेल.
पाठीलाही तेवढंच दे.
तोच रंग, त्याच दिवशी, पाणीही तेवढंच.
पाठ कुणी बघत नाही, म्हणून तर."
एवढं सांगून ते चहाचं बघायला उठले,
खुर्चीला धरून,
अर्धे वाकलेले, उजव्या अंगाला.
इतकी वर्षं गठ्ठे त्याच खांद्यावर घेतले असणार.
मी विचारलं नाही.

भद्रकालीत मुनाफभाईंकडे उतरवलेले बोर्ड पडून असतात.
त्यातला एक त्यांनी पायाने पुढे सरकवला.
वर ॲल्युमिनिअम, खाली ॲल्युमिनिअम, मध्ये काळं प्लास्टिक:
दोन जावा दोन्हीकडून सारख्याच ओढतात
म्हणून मधली सासू ताठ.
"किती वर्षं उन्हापावसात होता?"
"दुकान चाललं तितकी."
चाळीस रुपये घेतले, कापून दिला,
कडा घासायला स्वतःची कानस दिली.

यावेळी पृष्ठभाग सँडपेपरने खरवडला,
दोन्हीकडून, दोंद्यांची आठवण ठेवून.
वर टेकडी, बुरूज, भुशाची झुडपं, तळ्याला वार्निश.
भर श्रावणात मांडला.
विलासने चौथ्या फेरीत दरवाजा घेतला,
सहाव्या फेरीत मी संपलो.
माझा निशाणवाला पडला, पण पासे टाकून पडला,
घसरून नाही.

आवरताना किल्ला उलटा केला.
खाली लाल अक्षरं, दोन्ही बाजूंनी कापलेली:
डीज टे
लेडीज टेलर असणार.
कोण होती, मशीन कुठे गेलं, मुनाफभाईंना आठवत नाही.

नियम पाळायचा तर यावर रंग द्यायला हवा,
तोच, तेवढाच.
डबा आणून ठेवलाय, ब्रशही भिजवला होता एकदा.
रोज झोपण्याआधी खाली पातं सरकवून बघतो.
अजून जात नाही.