वास बंद

मे महिना. बाहेर शेहेचाळीस,
कृमींच्या कपाटात वीस.
फेगडेभाऊ त्याच कपाटावर डबा ठेवतात,
कळण्याची भाकरी, लसणाची चटणी.
मी रोज ओरडते, वासानं प्रयोग बिघडेल.
ते म्हणतात, त्यांनाही भूक असंलच ना.
आईला फोनवर सांगितलं, जंतांवर काम करते.
ती म्हणाली, औषध घेऊन टाक वं.

एक मिलिमीटरचा जीव, काचेसारखा आरपार.
सगळ्या मिळून तीनशे दोन चेतापेशी,
कुणीतरी बसून मोजलेल्या.
त्यातली एक जोडी नाकाशी, डावी-उजवी,
तिच्यात जेलीफिशकडून उसना आणलेला हिरवा उजेड.

मी त्याचं नाक केसाएवढ्या नळीत अडकवते
आणि पाण्यातून केळ्याचा वास सोडते.
केळं नव्हे, बाटलीतलं रसायन,
पण झाकण उघडलं की थेट सावदा स्टेशनचा फलाट.

तीस सेकंद वास.
पेशी अंधारी.
पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं.
तारा तपासल्या, बाटली बदलली,
जनरेटरला एक शिवी घातली.
मग वैतागून वास बंद केला
आणि ती भक्कन पेटली.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या,
तिचं तसंच असतं.
असलेलं ती सांगत नाही.

डोंगर बऱ्हाटे, माझे वडील,
तीस वर्षं सावद्याला केळीच्या वखारीत.
कुठला घड उद्या पिवळा होईल
ते अंगठा दाबून सांगायचे.
आम्ही नाक धरून म्हणायचो,
अण्णा, सदऱ्याला किती वास येतो तुमच्या!
ते बाही हुंगायचे, कॉलर हुंगायचे,
"कुठी येतो वं?"

वखार विकली.
तिथं आता टाइल्सचं दुकान.
परवा घरी गेले तर ओट्यावर बसलेले,
मान वर, डोळे अर्धे मिटलेले,
डोकं हळूच डावीकडे, मग उजवीकडे.
"काय करू ऱ्हायले, अण्णा?"
"थांब. केयं पिकू ऱ्हायले कुठी तरी."

गल्लीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या,
तापलेली धूळ, एक कुत्रं.
मी खोल श्वास घेतला.
मला काहीच आलं नाही.
सवयीनं घड्याळ पाहिलं,
बारा-तेरापर्यंत मोजलं,
मग सोडून दिलं
आणि त्यांच्या शेजारी बसले.